चकवा, कोयता आणि रानातली रात्र

सह्याद्रीत एक रात्र स्वतःच्या बळावर काढायची असेल, तर पहिलं काम रानात नसतं, पायथ्याच्या गावात असतं. दिवस मावळायच्या बराच आधी पोहोचा, एखाद्या ओसरीवर टेका आणि तीन गोष्टी विचारा. उन्हाळ्यातही न आटणारं पाणी कुठं आहे? मळलेली वाट कुठली? आणि रात्री कुठं जायचं नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला माणसं थांबतात, तुमच्याकडे निरखून बघतात. मग एखादे आजोबा सांगू लागतात की त्या खिंडीत चकवा लागतो, खालच्या डोहावर आसरा आहेत, पलीकडच्या राईतली काडीसुद्धा उचलायची नाही.

हे नीट ऐका आणि प्रत्येक गोष्ट कुठल्या जागेची आहे ते लिहून घ्या. रानातली भुतं मोघम नसतात. त्यांना पत्ता असतो. ही खिंड, हा डोह, हे झाड. त्या पत्त्यावर दिवसाउजेडी जाऊन पाहिलं, तर बहुतेक वेळा तिथं माणसाला गोंधळात पाडणारं किंवा मारणारं काहीतरी सापडतंच. सगळ्या गोष्टींचा असा उलगडा होत नाही. काही गोष्टी नुसत्या कुणाच्या तरी अकाली मृत्यूचं दुःख सांभाळून असतात. पण त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर माणसांनी जी जागा टाळली, ती रात्री परक्या माणसानेही टाळावी, एवढं मी ठामपणे सांगेन.

पाण्यापासून सुरुवात करू. डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड दिसले, तर त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. बायाबापड्या तिथं ओटी भरतात, आणि पोरांना सांगितलेलं असतं की भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला इथं एकट्याने उतरायचं नाही. कोकणात हेच काम गिऱ्हा करतो. तो पाय धरून खाली ओढतो म्हणतात. हे डोह बहुधा धबधब्याच्या खाली असतात. पडत्या पाण्याने कातळात खोल रांजण कोरलेले असतात, कडा शेवाळलेल्या असतात आणि आत पाय टेकायला जागा नसते. पोहता येणारी माणसंही अशा ठिकाणी बुडतात. शेंदराचे दगड दिसले की पाणी काठावरून भरा, एकाने भरा, दुसऱ्याने मागे उभं राहा. आंघोळीचा मोह सोडा.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळा. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपर्यंत पाण्याला एक मिनिट खळखळून उकळी आली की पुरते, आणि आपलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्रात हा नियम सगळीकडे चालतो. गडावरच्या कातळातल्या टाक्यांचं पाणी आधी फडक्याने गाळून घ्या. ओढा आटलेला असेल तर वाळूत, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या अंगाला, हातभर झिरा खणून बघा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं की मागून बरं पाणी पाझरतं.

आता चकवा. या एका गोष्टीवर मी जास्त थांबणार आहे, कारण सह्याद्रीत माणसं बऱ्याचदा वाट चुकून अडचणीत येतात. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, असं गावोगावी सांगतात. हे खोटं नाही. २००९ साली संशोधक यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात माणसांना सरळ चालत राहायला सांगून त्यांची वाट उपग्रहावरून नोंदवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना जंगलात चालणारे गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी वीस मीटरहूनही लहान होती. पाय लांबआखूड असल्यामुळे हे होतं, असं पूर्वी मानत. तसं आढळलं नाही. ‘सरळ’ कुठं याचा आपला अंदाज पावलागणिक थोडा थोडा ढळतो आणि बाहेरची खूण नसेल तर तो ढळतच जातो. सह्याद्रीत यात ढोरवाटांची भर पडते. सड्यावर गुरांच्या पायांनी पडलेल्या शेकडो वाटा एकमेकींना छेदत जातात, प्रत्येक मळलेली दिसते आणि बहुतेक कारवीत शिरून संपतात. खिंडीत धुकं उतरलं की चकव्याला आणखी काही लागत नाही.

म्हातारी माणसं यावर जो उपाय सांगतात, तो आजच्या बचाव पथकांच्या सांगण्याशी जुळतो. चकवा लागला असं वाटलं की बसा. आहे तिथंच बसा, पाणी प्या, काहीतरी खा, आणि उजाडेपर्यंत हलू नका. भीतीने पाय भरभर उचलले जातात आणि तीच पावलं कड्याकडे नेतात. दिवस शिल्लक असेल, तर शेवटची खात्रीची खूण कुठली होती ते आठवून तिथवर मागे जा. पुढे ‘वाट सापडेल’ या आशेवर एक पाऊलही टाकू नका.

परदेशी पुस्तकांतून आलेला एक सल्ला इथं जिवावर बेततो: हरवलात तर पाण्याच्या कडेने खाली उतरा, वस्ती लागेल. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला हे चुकूनही करू नका. हा डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून पदर होतो. ओढा या प्रत्येक थरावरून उडी घेतो. त्याच्या मागे जाणारा माणूस एक कातळटप्पा कसाबसा उतरतो, दुसऱ्यावर अडकतो, आणि त्याला वरही जाता येत नाही, खालीही. त्यापेक्षा सोंडेवर किंवा धारेवर राहा. तिथून दिवे दिसतात, मोबाईलला रेंज मिळायची शक्यता असते आणि शोधणाऱ्यांनाही तुम्ही दिसता.

दिशा कळण्यासाठी आभाळ शिकून घ्या. ध्रुवतारा आपल्याकडे फार वर नसतो. पुण्याच्या आसपास तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरा, तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. क्षितिजापासून दोन मुठी वर, जवळजवळ तिथंच तो सापडतो. उत्तरेला डोंगर असेल तर तो झाकला जाईल. अशा वेळी उन्हाळ्यात सप्तर्षी आणि थंडीत शर्मिष्ठा कामाला येतात. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळपास बरोबर पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. हिवाळ्यातल्या मुक्कामात एवढी एक खूणही पुरेशी आहे.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात चकव्याच्या उलट गोष्टी ऐकायला मिळतात. तिथं राखणदार असतो, देवचार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेला हा रखवालदार वाट चुकलेल्याला घराच्या वेशीपर्यंत सोडतो अशी श्रद्धा आहे. असाच राखणदार असलेल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. गावासाठी रात्रभर फिरून त्याच्या चपला झिजतात, हा त्यामागचा भाव. मला या गोष्टी फार मोलाच्या वाटतात. अंधारात एकट्या पडलेल्या माणसाला धीर हवा असतो, आणि धीर असलेला माणूस एका जागी बसून राहू शकतो.

मुक्कामाची जागा उजेडातच ठरवा. कोरड्या ओढ्याचं पात्र, कड्याचा पायथा, वाळलेली फांदी डोक्यावर लोंबणारं झाड आणि आग्या मोहोळाखालची जागा, या चारही टाळा. आग्या मोहोळाचा धोका लोक कमी लेखतात. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर हातभर लांबीची काळी पोळी लटकताना दिसली, की तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाका आणि पळत सुटा, लांबवर. खाली पडून राहू नका.

अंथरुणाखाली पाचोळा पसरायची कल्पना पुस्तकात छान दिसते. आपल्याकडे पाचोळ्यात फुरसं असतं आणि दगडाखाली विंचू. जमीन काठीने साफ करा, चटई घाला आणि वर चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी लावा. मच्छरदाणी मण्यारीपासूनही वाचवते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बहुतेकदा दुखतही नाही. सोबत घोंगडी असली तर उत्तम. ती भिजली तरी ऊब धरते, आणि खोळ करून डोक्यावर घेतली की पावसात चालता येतं. मात्र घोंगडीवर साप येत नाही, ही समजूत आहे. तिच्यावर विसंबू नका.

हत्यार एकच पुरे, आपला कोयता. घाटाखालची माणसं तो कमरेच्या आकडीत अडकवतात, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि पडलं तरी पातं पोटात जात नाही. कोयता बोथट असेल तर घसरतो आणि जखम करतो, म्हणून घरूनच दगडावर परजून न्या. तोडताना लाकूड ओंडक्यावर ठेवा, गुडघ्यावर कधीच नाही. घाव अंगापासून दूर जाईल असा घाला आणि हाताच्या टप्प्यात दुसरं माणूस उभं राहू देऊ नका. काम झालं की कोयता लगेच आकडीत. गवतात टाकलेला कोयता अंधारात पायच शोधतो.

उभं झाड तोडू नका, ओली फांदीही नको. मेलेलं, पडलेलं लाकूड भरपूर असतं. कारवीच्या वाळलेल्या काठ्या पेट धरायला चांगल्या, ऐन आणि खैर निखाऱ्याला चांगले. दोन झाडं मात्र ओळखायला शिकल्याशिवाय सरपण गोळा करू नका. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि त्याचं लाकूड जळताना धूरही बाधतो. कण्हेर विषारी असते, तिची काडी भाजायला सळई म्हणून वापरू नका. आणि देवराईतलं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातलं, काहीही उचलायचं नाही, वाळलेली काटकीसुद्धा. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असताना या राया टिकून होत्या, त्या देवाच्या धाकाने. फांदी तोडली तर देव घरापर्यंत येतो, या एका भीतीने जुने वृक्ष, वेली आणि झरे राखले. पाहुण्यानेही तो धाक मानावा.

जाळ पेटवण्याआधी कायदा समजून घ्या. राखीव वनात परवानगीशिवाय आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत. तिथं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि प्रवेशालाही नियम आहेत. म्हणून पहिल्या काही रात्री गावकऱ्याच्या मालकीच्या माळावर, रानाच्या कडेला, त्याला विचारून काढा. शिकण्यासारखं सगळं तिथंही शिकता येतं. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत सड्यावरच्या वाळल्या गवतात तर जाळ करूच नका. एका ठिणगीने लागलेला वणवा अख्खा डोंगर खातो.

जिथं परवानगी आहे तिथं चार-पाच हात जागा मातीपर्यंत साफ करा आणि तीन दगडांची चूल मांडा. दगड ओढ्यातले भिजलेले घेऊ नका, ते तापून फुटतात. सरपण तीन ढिगांत लावा. काडीपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, बोटाएवढ्या काठ्या, मनगटाएवढे तुकडे. पहिला ढीग दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा होईपर्यंत काडी ओढू नका. पावसाळ्यात जमिनीवरचं लाकूड सोडा. झाडात अडकून राहिलेली मेलेली फांदी घ्या, साल काढा, कोयत्याने उभी चिरा आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढा. भिजल्या दिवसांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे जवळ असू द्या, ते पावसातही पेटतात. जुने धनगर चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस बाळगत. ते शिकण्यासारखं आहे, पण काडीपेटी मेणकापडात गुंडाळून जवळ ठेवूनच शिका. सकाळी राख पाण्याने भिजवा, काठीने ढवळा, पुन्हा भिजवा. उपडा हात टेकवून गार लागली, तरच जागा सोडा.

मग खरी रात्र सुरू होते. रानातले आवाज आधीच ओळखीचे करून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाते. भेकर थांबून थांबून भुंकतं आणि तासभरही भुंकत राहतं. रातवा एकाच लयीत टकटकत असतो. रानघुबडाच्या एका जातीचा थरथरत लांबत जाणारा आवाज ऐकून बाईची किंकाळी आठवते. हडळीच्या कितीतरी गोष्टी त्या आवाजातून आल्या असाव्यात असं मला वाटतं. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा, पुढेमागे घासत येतो. तो आला तर सगळे एकत्र बसा, मोठ्याने बोला, बॅटरी लावा, मुलांना मधे घ्या. रात्री एकट्याने झाडीत जाऊ नका, आणि ओणवं बसून तर मुळीच नाही.

उजेडाचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये भीमाशंकरच्या रानात कुजलेलं लाकूड अंधारात हिरवट प्रकाशतं. ते त्यावर वाढलेल्या बुरशीचं काम आहे. भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजव्यांनी भरलेली झाडं एकदम उजळतात आणि एकदम विझतात. दोन्ही ठिकाणी बॅटरी विझवून, दुरून बघा. ते लाकूड उचलून घरी नेलं तर हाती काहीच राहत नाही.

रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीची वाट बघावी, असा जुना दंडक आहे. दऱ्यांत तो उपयोगी पडतो. कड्यावरून आवाज परतून भलत्याच दिशेने येतो आणि ऐकणारा त्या बाजूला चालू लागतो. तुमच्यात ठरवून ठेवा की हाका मारायच्या नाहीत, शिट्टी वाजवायची. तीन शिट्ट्या म्हणजे अडचण, आणि उत्तर देणाऱ्याने बसल्या जागेवरूनच द्यायचं.

एका ठिकाणी मात्र गोष्टीला अजिबात थारा देऊ नका. साप किंवा विंचू चावला की ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवळात, मांत्रिकाकडे नेण्यात माणसं दगावतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार सर्पदंश, विंचूदंश किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. चावलेला अवयव हलू देऊ नका, कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयाकडे निघा. कोकणातल्या लाल विंचवाचा दंशही हलका समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर त्यावर सुरू केला आणि असंख्य जीव वाचले. पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. वनविभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मागता येते. गडाखालच्या गावात कुणाला तरी तुमची परतायची वेळ सांगूनच वर चढा, आणि उतरल्यावर त्यांना तोंड दाखवून मगच एसटी धरा.

चुलीभोवती बसल्यावर गोष्टी जरूर सांगा. लहान मुलं असतील तर गोष्टीच्या शेवटी काय करायचं तेही सांगा: चकवा लागला तर बसायचं, डोहात उतरायचं नाही, राईतलं उचलायचं नाही. घाबरलेल्या मुलाला काहीतरी करता आलं की भीती आवरते. गावातला माणूस सांगत असेल तर मधे तोडून शास्त्र समजावू नका, त्याला पूर्ण बोलू द्या. भयकथाकार नारायण धारपांची भुतं वाड्यात, बंद खोलीत भेटतात. रानातली भुतं ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं आता थकली आहेत, आणि त्यांची नातवंडं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. पुढच्या वेळी डोंगरात जाल तेव्हा एक वही न्या. गोष्ट लिहा, तिच्याबरोबर खिंडीचं, ओढ्याचं, झाडाचं नाव लिहा, आणि सांगणाऱ्यांची हरकत नसेल तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मग ती वही त्या गावच्या शाळेत देऊन या.